बोटांतून निघून गेलेलं दुखणं

माझे गुडघे उत्तम आहेत. घोटे, कोपरं, मनगटं, बोटांची पेरंसुद्धा. तिशीत एवढे चांगले सांधे आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाचे नसतील, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, कारण लहानपणापासून मी ते लोकांना दाखवत आले आहे.

आमचे आप्पा हाडवैद्य. मुरगळलेलं, लचकलेलं, निखळलेलं, काय असेल ते तेल लावून, चोळून, ओढून जागेवर आणायचं, हा आमचा पिढीजात धंदा. खाली दुकान, वर आम्ही. नवीन माणूस आला, बाकावर बसून तेलाच्या बाटल्यांकडे संशयानं बघायला लागला, की आप्पा जिन्याशी येऊन हाक मारायचे, "ठमे, ये गं जरा खाली!" ठमी म्हणजे मी. मी गेले की म्हणायचे, "बस. ऊठ. परत बस." मी उकिडवी बसायची, उठायची, मुठी मिटून उघडून दाखवायची. मग आप्पा त्या माणसाकडे वळायचे. "माझी मुलगी. नऊ वर्षांची होती तेव्हा अंथरुणावर लोळागोळा होऊन पडली होती. आता बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला?" तो माणूस मुकाट्यानं पायातला मोजा काढायचा.

हल्ली मी खाली जात नाही. उतरते तशी, पण वर येताना तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसावं लागतं, आणि बसलेली जाहिरात बरी दिसत नाही.

झालं होतं ते असं. त्या वर्षी माझा घसा दुखला. घसा कुणाचा दुखत नाही? मिठाच्या गुळण्या केल्या आणि विसरून गेलो. दोन-तीन आठवड्यांनी सकाळी उठले तर घोटा सुजलेला, लाल, तापलेला. वरून चादर सरकली तरी मी किंचाळायची. आप्पांनी तेल कोमट केलं आणि घोटा चोळायला घेतला. दुसऱ्या दिवशी घोटा मोकळा आणि दुखणं गुडघ्यात. आप्पांनी गुडघा धरला, तर ते कोपरात गेलं. कोपर धरलं, तर मनगटात. आता ज्याच्या बापानं आणि आज्यानं जन्मभर हेच केलं, त्या माणसाला काय वाटेल? दुखणं आपल्या हाताला घाबरून पळतंय असंच वाटणार. परसात शिरलेली शेळी हुसकावत दारापर्यंत न्यावी तसे आप्पा त्याच्या मागे लागले. शेवटी ते बोटांत आलं आणि एका सकाळी नाहीसं झालं. मी उठले आणि गल्लीत पळाले. आदल्या आठवड्यात मला आप्पांच्या पाठुंगळी बघितलेल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून कित्येक वर्षं आप्पांचं दुकान रिकामं राहिलं नाही.

त्याच वर्षी पुढे माझे हात माझं ऐकेनासे झाले. कप सुटायचा, पेन्सिल कागदावरून भलतीकडे जायची, तोंड आपोआप वाकडं व्हायचं. शाळेत बाईंना वाटलं मी वेडावून दाखवते. आईला वाटलं अंगात मस्ती आली आहे, तिनं दोन धपाटे दिले. आप्पा म्हणाले, "मारू नको तिला. राहिलेलं दुखणं निघतंय." काही महिन्यांनी तेही थांबलं. म्हणजे पुन्हा आप्पांचंच बरोबर. आप्पांचं दर वेळी बरोबर ठरत गेलं, हाच सगळा घोळ झाला.

मला खरं कळलं ते लग्नानंतर. पोटात बाळ होतं, सहावा महिना. कोरड्या खोलीत, गादीवर बसल्याबसल्या मला बुडाल्यासारखं व्हायला लागलं. आडवं पडलं की खोकला, खोकल्यात गुलाबी फेस. सासूबाई म्हणाल्या पहिलटकरणीची नाटकं. नाटक इतकं रंगलं की शेवटी दवाखान्यात नेलं. बाळ गेलं. मी राहिले.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का?"

मी, शहाणी, आप्पांनी मला कसं बरं केलं ते सगळं रंगवून सांगितलं. झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "सांधे आपोआपच बरे होतात हो यात. चोळलं काय, नाही चोळलं काय." मग तिनं समजावून सांगितलं. घशातल्या जंतूंशी भांडता भांडता अंग आपल्याच माणसांवर उलटतं. सांध्यांना धरतं, सोडून देतं. हात ऐकेनासे होतात तेही त्यानंच, तेही सोडतं. हृदयाला धरतं ते मात्र सोडत नाही. आत एक झडप असते, ती सुजते, मग आखडते. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू ठेवलं असतं तर पुढचे ताप आले नसते. मला ते आले असणार, नुसता घसा दुखल्यासारखे, आणि प्रत्येकानं झडप थोडी थोडी बंद केली. आप्पा माझा गुडघा चोळत होते तेव्हा हातभर अंतरावर हे चाललं होतं.

फुगा घालून झडप उघडली. काही वर्षं बरी गेली. मग पुन्हा मिटत आली, आणि आता फुप्फुसांवर इतका दाब चढलाय की ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं तर तिथेच राहीन, असं डॉक्टरीणबाईंनी जरा गोड शब्दांत सांगितलं. नवऱ्यानं मला विश्रांतीसाठी माहेरी आणून सोडलं. अजून विश्रांतीच चालू आहे.

आल्या आल्या मी आप्पांना सगळं सांगितलं होतं. ते हसले. "दुखणं गुडघ्याचं आणि तपासायची छाती? आजार रेड्याला आणि औषध पखालीला!" बाकावरची माणसंही हसली. मी पुन्हा सांगितलं, पुढच्या महिन्यात पुन्हा. पालथ्या घड्यावर पाणी. मग माझंच मला वाटलं, जाऊ दे. माझं जे व्हायचं ते झालंय, म्हाताऱ्याला कशाला बोचत बसू?

तर अशी मी वरच्या खोलीत, खिडकीशी, तीन उशांना टेकून. आणि खाली-वर, वर-खाली दिवसभर धावणारी माझी भाची, दादाची मुलगी. दहा वर्षांची. तिला सगळे भिंगरीच म्हणतात. दादा खाली आप्पांच्या हाताखाली. वहिनी शिवणाच्या कारखान्यात. त्यामुळे शाळेतून आली की भिंगरी माझी. मला मूल झालं असतं तर ते असंच चुरूचुरू बोललं असतं असं मी समजून चालते. त्याला कुणाची हरकत नाही.

भिंगरीच्या शाळेत घशाची साथ आली. अर्धा वर्ग घरी. भिंगरीला ताप भरला, गिळवेना. मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरला दाखव. आजच." वहिनी म्हणाली, "वन्सं, सगळ्यांनाच झालंय. मिठाच्या गुळण्या देते." चार दिवसांत भिंगरी पुन्हा जिन्यावर. वहिनी म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर होतं, बघा, तुम्ही उगीच घाबरवत होतात.

मग एका सकाळी भिंगरी अंथरुणातून उठेना. घोटा लाल, सुजलेला.

मी बघितलं आणि ओळखलं. दादा म्हणाला, "लचकला असेल." आप्पा वर आले. त्यांनी घोट्यावर तळवा नुसता ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नऊ वर्षांची असताना बघितलं होतं. हल्ली आप्पांचं दुकान बरंच थंडावलं होतं. समोर यंत्रांनी शेक देणाऱ्यांचं चकचकीत दुकान निघालं होतं, तिथे पांढरे कोट घातलेली पोरं होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आप्पा म्हणायचे. आणि आता हा घोटा.

"तेच आहे," आप्पा म्हणाले. "ठमीचं होतं तेच. उद्या गुडघ्यात जाईल, बघा."

"आप्पा, तेच आहे म्हणून तर हिला दवाखान्यात न्यायची," मी म्हटलं.

"तुला कुणी बरं केलं होतं?"

"बरी? मी बरी दिसते तुम्हाला?"

"सांधे दुखतात का तुझे?"

सांधे दुखत नाहीत. दादानं तेल कोमट करायला ठेवलं होतं, त्याचा वास खोलीत आला. दादा वाईट माणूस नाही, पण आप्पांसमोर त्याला स्वतःचं डोकं असल्याची आठवण राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुखणं गुडघ्यात गेलं. आप्पांचा शब्द खरा ठरला. त्यांनी भिंगरीला उचलून खाली बाकावर नेऊन बसवलं, चार माणसांसमोर. माणसं वाकून बघत होती. "घोट्यातून हुसकलं, आता गुडघ्यात आहे. इथून कोपरात पाठवतो." बातमी गल्लीभर झाली. समोरच्या दुकानातला एक पांढरा कोटही दारात येऊन मान उंच करून बघत होता, आणि त्या आनंदात आप्पा दहा वर्षांनी लहान झाले. मला वर ऐकू येत होतं. भिंगरी आधी रडत होती, मग सगळे कौतुक करतात म्हटल्यावर हसायला लागली.

मी उशांवर पडून ठरवलं. दुपारी आप्पा जरा आडवे होतात, दादा दुकान झाकून मागे बसतो. भिंगरीला वर आणून निजवली होती. मी तिला म्हटलं, "चल, आपण टॅक्सीतून फिरून येऊ."

"मला चालता येत नाही, आत्या."

"मला तरी कुठे येतं? चल."

आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणतात ती आम्ही मागच्या जिन्यानं उतरवली. भिंगरी एका पायावर, बसत बसत, एकेक पायरी ढुंगणावर घसरत. मी तिच्या मागे, कठडा धरून, तोंड उघडं. तिला उचलायची माझ्यात ताकद नव्हती. अर्ध्यात तिचा गुडघा भिंतीला लागला, ती ओरडणार तोच मी तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि मग माझाच श्वास अडकला. दोघी तिथेच बसलो. माझं हृदय खुराड्यात शिरलेल्या मांजराला पाहून कोंबडी फडफडावी तसं फडफडत होतं. भिंगरी मला वारा घालायला लागली, स्वतःच्या फ्रॉकनं.

"आत्या, तुला जास्त दुखतंय का मला?"

"तुला. उतर आता."

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी मिळाली. टॅक्सीवाल्यानं भिंगरीला उचलून आत ठेवलं. मग माझ्याकडे बघून त्यानं मलाही जवळजवळ तसंच ठेवलं. दवाखान्यात तोच पुन्हा उतरून चाकांची खुर्ची घेऊन आला. मी तिच्यात भिंगरीला बसवत होते, तर तो म्हणाला, "बाई, खुर्ची तुमच्यासाठी आणली." शेवटी मी खुर्चीत आणि भिंगरी माझ्या मांडीवर, असे आत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी मला बघून कपाळाला हात लावला. "तुम्ही कशाला आलात? फोन करायचा." मी नुसतं भिंगरीकडे बोट दाखवलं.

तिनं भिंगरीला झोपवलं आणि छातीला नळी लावली. नळी फिरत फिरत डाव्या बाजूला एका जागी आली आणि तिथे थांबली. उचलून पुन्हा तिथेच लावली. भिंगरीला कुशीवर वळवलं, पुन्हा तिथेच. ते थांबणं माझ्या ओळखीचं आहे. मी भिंतीकडे बघत बसले.

रक्त काढलं, पडद्यावर हृदय बघितलं. काळ्या पडद्यावर भिंगरीचं हृदय उघडझाप करत होतं, आणि प्रत्येक वेळी एक बारीक रंगीत फवारा उलटा उडत होता. भिंगरीला ते फार आवडलं. "आत्या, माझ्यात कारंजं आहे!"

दवाखान्यातून फोन गेला तशी वहिनी कारखान्यातून धावत आली, गळ्यात मापाची फीत तशीच. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "झडप गळतेय, पण थोडीच. पुन्हा असा ताप येऊ दिला नाही तर हे सुधारतं, बऱ्याचदा पूर्ण सुधारतं. आत्ता अंथरुणावर विश्रांती. या गोळ्यांनी सांधे दोन दिवसांत मोकळे होतील, पण त्यावर जाऊ नका. खरं औषध हे इंजेक्शन. दर तीन आठवड्यांनी. एकवीस वर्षांची होईपर्यंत तरी. एकही चुकवायचं नाही. चुकवलं तर..." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. वहिनीनं बघितलं.

पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं. भिंगरी दवाखाना डोक्यावर घेऊन रडली. वहिनीही रडली, डॉक्टरीणबाईंचे हात धरून म्हणाली, "नाही चुकवणार. माझ्या पोरीची शपथ." घरी येताना टॅक्सीत वहिनीनं माझा हात सोडला नाही. मला वाटलं, झालं. एक तरी वाचली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की जिना दादानं उचलून चढवला त्याचीही लाज वाटली नाही.

पण माणसाला दिसतं तेच खरं वाटतं. गोळ्यांनी दोन दिवसांत गुडघा उतरला. त्या दोन दिवसांत आप्पा तेल लावतच होते. मग गुडघा कुणामुळे उतरला? आणि त्या इंजेक्शननं भिंगरीचं ढुंगण इतकं दुखलं की ती लंगडायला लागली. आप्पा खालच्या बाकावरच्या माणसांना सांगत होते, "मी पोर चालती केली आणि यांनी सुई टोचून लंगडी करून ठेवली." माणसं हळहळत होती. ते दिसत होतं, सगळ्यांना, डोळ्यांसमोर. गळणारी झडप कुणाला दिसत होती? ती फक्त पडद्यावर होती, आणि पडदा दवाखान्यात.

आणि मी पडले. त्या दिवशीचा जिना मला भोवला. पाय गुडघ्यापर्यंत सुजले, पोटात पाणी भरलं, बसल्याबसल्या धाप. डॉक्टरीणबाईंनी फोनवरच पाणी काढायच्या गोळ्या वाढवल्या, आणि पुन्हा घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं. त्यातच भिंगरीच्या दुसऱ्या इंजेक्शनचा दिवस आला. मी सकाळपासून वहिनीच्या मागे. वहिनी म्हणाली, "आज कारखान्यात सुट्टी देत नाहीत, उद्या नेते." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तिची परीक्षा आहे." तिसऱ्या दिवशी ती ताट ठेवून लगेच निघून गेली. मग मी दादाला पकडलं. दादा खाली बघून म्हणाला, "तिला बरं वाटतंय, ठमे. बघ ना, पळतेय. बऱ्या पोरीला दर तीन आठवड्यांनी टोचायचं, तेही एकवीस वर्षांची होईपर्यंत? आणि आप्पा म्हणतात..."

"आप्पा म्हणतात ते मला ठाऊक आहे. तू काय म्हणतोस?"

त्याला खालून हाक आली, आणि त्याला हाक आली म्हणून बरं वाटलं ते मला दिसलं.

मग मी वहिनीला संध्याकाळी बसवलं. "तू शपथ घेतलीस."

वहिनी रडायला लागली. "वन्सं, मी काय करू? सासरे म्हणतात सुई लावली तर मी तिला हात लावणार नाही, तिचं तुम्ही बघा. दुकान त्यांच्या हातावर चालतं. आणि खरं सांगू? तुम्हाला राग येईल. तुम्ही पण तेव्हा सुई न घेता मोठ्या झालातच ना. लग्न झालं. इतकी वर्षं निघाली."

राग नाही आला. मला रागही हल्ली बसूनच येतो, आणि तेवढा श्वास शिल्लक नव्हता. मी एवढंच मनात म्हटलं की माझी अडचण ही आहे की मी अजून मेले नाही. मी आत्ता मेले असते तर निदान शंका आली असती. मी जिवंत आहे तोवर आप्पांचाच पुरावा आहे, आणि मी मरेन तोवर यांना सवय झालेली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा वर आले. रोज येतात. माझे सुजलेले पाय मांडीवर घेऊन दाबतात. तेल नाही, नुसते दाबतात. दाबलं की अंगठ्याचा खड्डा तसाच राहतो, ओल्या पिठात बोट रुतावं तसा. ते दुसरीकडे दाबतात, तिथेही खड्डा.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्हाला कळतंय ना?"

ते दाबत राहिले.

"कळतंय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू परत आलीस तेव्हापासून. असा खड्डा राहतो ती सांध्याची सूज नव्हे. तेवढं कळतं मला. माझ्या बापानंच शिकवलं होतं, खड्डा राहिला की हात लावायचा नाही, आपल्या हातातलं नाही ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी दगडावर डोकं आपटत होते आणि तो दगड ऐकत होता. मला पाय ओढून घ्यावेसे वाटले, मारावंसं वाटलं, त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मी पाय तसेच त्यांच्या मांडीवर राहू दिले.

"मग भिंगरीला पाठवा. तुम्ही म्हणालात तर आज नेतील. एक शब्द टाका."

"काय म्हणू?" आप्पा म्हणाले. "खाली माणसं बसलीत. तुझं नाव ऐकून आलेली. नातीला दवाखान्यात धाडली की विचारतील, का? मग मी काय सांगू? मी तिचं दुखणं आत ढकललं? मग तुझंही मीच..." ते थांबले. माझ्या पायावरचा खड्डा ते अंगठ्यानं पुसायला लागले. "एकदा तोंडानं म्हटलं ना ठमे, की मग मला हे हात धुवून टाकता यायचे नाहीत. तू जिवंत असताना तर नाहीच."

"माझं असू दे. तिचं काय? तिलाही वीस वर्षांनी असं बसायचंय का?"

"वीस वर्षं खूप असतात. तोवर औषधं सुधारतील."

"आणि नाही सुधारली तर?"

"तोवर मी नसेन," आप्पा म्हणाले.

हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की मला प्रथम ते निष्ठुर वाटलंच नाही. मग त्यांनी माझे पाय अलगद उशीवर ठेवले, पांघरूण नीट केलं, आणि खाली गेले. थोड्या वेळानं खालून त्यांचा दुकानातला आवाज आला, "सोडा अंग, ढिलं सोडा, माझ्यावर टाका." कुणीतरी कण्हलं, आणि मग कुणीतरी बरं वाटल्यासारखं हसलं.

मीही तोवर नसेन. वहिनीला हे दवाखान्याचं बोलणं कितपत आठवेल देव जाणे. म्हणजे भिंगरी तेवीस-चोवीसची होईल, कुठल्यातरी परक्या जिन्यावर तिला दम लागेल, आणि का लागतोय हे तिला सांगणारं कुणी उरलेलं नसेल. ती म्हणेल, वजन वाढलं. सासू म्हणेल, नाटकं.

शाळेतून भिंगरी आली. दप्तर टाकलं, माझ्या खाटेवर चढली. मी तिला म्हटलं, "तुला एक वाक्य शिकवते. पाठ करायचं. मोठी झालीस आणि कधी जिना चढताना दम लागला, की डॉक्टरकडे जायचं आणि हे वाक्य म्हणायचं. कुणी काही म्हणो."

"कवितेसारखं?"

"कवितेसारखं. म्हण: दहा वर्षांची असताना माझे सांधे सुजले होते, आणि तेव्हा माझ्या हृदयाची झडप गळत होती."

भिंगरी पाठांतरात हुशार आहे. तिनं हात मागे बांधले, शाळेत उभी राहते तशी खाटेवर उभी राहिली, आणि घडाघडा म्हणाली, "दहा वर्षांची असताना माझे सांधे सुजले होते, आणि तेव्हा माझ्या हृदयाची झडप गळत होती, आणि मग आजोबांनी मला बरं केलं."

"शेवटचं नको."

"का? खरंय की ते," भिंगरी म्हणाली.

मी म्हटलं, "परत म्हण." तिनं परत म्हटलं, तसंच, शेवटच्यासकट. मी तिसऱ्यांदा सांगणार होते, पण मला खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत ती खाली पळून गेली होती.